बाहेर पडले, बाहेर पडत होते

प्रिय मॅडम,

आधी 'आदरणीय' लिहिलं होतं, मग खोडलं. ज्याच्यापुढे पदर पसरायचा त्यालाच आदरणीय म्हणायचं, हे लोणी लावल्यासारखं वाटलं. ओळखलंत का मला? तुमच्या तिसऱ्या तुकडीतली, खिडकीशेजारी बसणारी. सारखी घड्याळाकडे बघायची म्हणून तुम्ही एकदा भर वर्गात म्हणाला होतात, "काय हो, गाडी सुटतेय का तुमची?" तीच मी. गाडी नव्हती सुटत, लेकीची शाळा सुटायची. तेव्हा सांगितलं नाही, कारण लेकुरवाळी बाई परदेशी कामाला पाठवायला एजन्सीवाले साहेब कां कू करायचे.

मी हे कपडे धुण्याच्या खोलीत बसून लिहितेय. एका संस्थेने बायकांसाठी चालवलेलं घर आहे हे. चौघींत एक खोली, आणि दुपारी दोन ते चार मशीनवर माझी पाळी. मशीन गरगरतं तेव्हा टेबलही थरथरतं, त्यामुळे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं येतंय, तेवढं गोड मानून घ्या. इथून मला हलता येत नाही. माझी कागदपत्रं कोर्टात जमा आहेत आणि आठवड्यातून दोनदा पोलिसांकडे जाऊन सही करावी लागते. वाचताना घाबरू नका. म्हणजे, घाबरण्यासारखंच आहे, पण सगळं वाचून मग घाबरा.

मी ज्या आजींना सांभाळत होते त्या गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. तरुणपणी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पेन्सिल घेऊन वाचायच्या आणि चूक सापडली की त्यांची कळी खुलायची. कमरेत जोर नव्हता. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच त्यांचा प्रवास, आणि तोही माझ्या खांद्याला धरून. एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी बाहेर पडत होते. दाराच्या कडीला हात होता. तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. मी तशीच मागे पळाले, तर आजी पलंग आणि खुर्चीच्या मधे पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात अकरा दिवस काढले त्यांनी. मग छातीत पाणी झालं आणि खेळ संपला. त्या पडल्या त्याच दिवशी त्यांच्या मुलाने माझ्यावर तक्रार केली होती की हिने आईला एकटं टाकून दिलं. इथे त्याला मोठी शिक्षा आहे, मॅडम. चार वर्षं तुरुंग, आणि सुटल्यावर थेट विमानात.

तुम्हाला वाटेल, ही मला का सांगतेय. सांगते. जरा मागून येते, कारण मागून आल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आठवतं, साहेबांनी आम्हाला इथल्या भाषेतल्या चाळीस वाक्यांचा कागद दिला होता? 'पाय वर घ्या', 'गोळी घेतली का', 'कुठे दुखतंय'. तेवढं पाठ करा आणि जा, असा त्यांचा हिशोब. तुम्ही मात्र आलात ती तीन पानांची गोष्ट घेऊन. कुठल्याशा जुन्या मासिकातली, शिंपिणीची. आम्ही सगळे चरफडलो. "पोटापाण्याला निघालेल्या माणसाला गोष्टी कशाला, आम्ही काय बालवाडीत आहोत?" असं ड्रायव्हरभाऊ म्हणाले. मग साहेबांकडे अर्ज गेला की मॅडम वेळ वाया घालवतात, आम्हाला फक्त वाक्यं हवीत. त्यावर नऊ सह्या होत्या. त्यातली एक माझी. तुम्ही कधी कोणाला काही बोलला नाहीत. पहिला तास वाक्यं घ्यायचात आणि शेवटची वीस मिनिटं गोष्ट. मला तर त्या वीस मिनिटांचाच राग यायचा, कारण तोवर शाळा सुटलेली असायची.

आणि तरीही मला त्या वर्गातलं जे आठवतं ते त्याच वीस मिनिटांतलं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत 'साली', म्हणजे 'बाहेर पडले'. ड्रायव्हरभाऊंनी डोक्याला हात लावला, "अहो, मॅडम शिव्या देतायत!" पाच मिनिटं वर्ग आवरत नव्हता. तुम्हीही हसून हसून खडू खाली टाकलात. मग शेजारी लिहिलंत 'सालीआ', म्हणजे 'बाहेर पडत होते'. आणि गोष्टीतलं ते वाक्य काढलंत: शिंपीण बाहेर पडत होती, तेवढ्यात दार वाजलं. तुम्ही म्हणालात, एकच क्रियापद बदला, 'पडत होती'चं 'पडली' करा, आणि सांगा गोष्टीचं काय झालं. मी न राहवून म्हटलं, "मग गोष्टच होणार नाही. दार उघडायला घरात आहे कोण?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं काही भलतंच बोलले. मग म्हणालात, "हे मला पुस्तकातून शिकवायला चार तास लागले असते." मॅडम, शाळा सोडल्यापासून मला कोणी शाबासकी दिली नव्हती. त्या दिवशी मी घड्याळाकडे बघायची विसरले आणि लेक शाळेच्या फाटकाशी अर्धा तास उभी राहिली.

इथे आले तेव्हा ते चाळीस वाक्यांचं गाठोडं चार दिवसांत रिकामं झालं. पाय वर घेतले, गोळी घेतली, दुखत नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघी एका खोलीत दोन कपाटांसारख्या समोरासमोर. आजींनी विचारलं, कुठे शिकलीस आमची भाषा? त्यावर काय सांगणार? एका वाक्याहून जास्त बोलता येईल असं माझ्यापाशी एकच होतं, ती शिंपिणीची गोष्ट. तीच सांगायला लागले, अडखळत, हातवारे करत. आजी उशीला टेकून बसल्या होत्या त्या सरळ झाल्या. मी थांबले की म्हणायच्या, "मग?" संपल्यावर उशाखालून पेन्सिल काढली, मला सगळी गोष्ट कागदावर लिहायला लावली आणि आठ ठिकाणी लाल करून परत दिली. पेन्सिल दोन्ही टोकांनी लिहिणारी होती, एक निळं, एक लाल. दुसऱ्या दिवशी पाच चुका. आठवड्याने एकही नाही. तेव्हा त्यांनी कागदाखाली इतकी मोठी सही ठोकली, जशी काही मी छापायला जाणार होते.

मग त्यांची पाळी. त्यांनी मला त्यांच्या गोष्टी सांगितल्या. छापखान्यातला मालक कसा भोळा होता आणि त्याचंच आडनाव तीन वेळा चुकीचं कसं छापलं गेलं, नवरा कसा बोलका होता आणि गेला कसा काही न बोलता. मी ऐकायचे, विचारायचे, चुकायचे, त्या पेन्सिल उगारायच्या. "कितीदा झालं? एकदा की नेहमी? संपलं की चालू होतं? ते आधी ठरव, मग तोंड उघड." हे त्यांचं पालुपद. तुमची आठवण यायची. तुम्ही दोघी भेटला असतात तर बाकीच्यांची काही खैर नव्हती.

त्यांचा मुलगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. दवाखान्याच्या जिन्यात तो लहान पोरासारखा रडताना मी पाहिलाय. पण फार भ्यायलेला माणूस होता, आणि भ्यायलेला माणूस दुसऱ्याचा श्वास कोंडतो. फ्रिजवर त्याने नियमांचा कागद लावला होता. पहिलाच नियम: आईला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. मी विचारलं, मग सुट्टीच्या दिवशी? तो म्हणाला, बघू. त्या 'बघू'मध्ये सात महिने गेले. सात महिन्यांत एक दिवस नाही, मॅडम. भाजी आणायला जायचं ते तो आला की, पंधरा मिनिटं. घरातलं इंटरनेटही बंद करून टाकलं. फोनमध्ये डोकं घातलंस तर आईकडे कोण बघणार, म्हणाला. कोपऱ्यावर एक दुकान आहे, तिथली बाई मला तिच्या इंटरनेटवरून फोन लावू द्यायची. भाजीच्या पंधरा मिनिटांतली पाच मी तिथे घालवायचे.

लेक माझ्या ताईकडे आहे. नऊ वर्षांची. पहिले तीन महिने रोज रडायची, मग रडायची थांबली आणि बोलायचीही थांबली. ताई म्हणायची, खेळतेय, झोपलीय, अभ्यास करतेय. शेवटी एकदा खरं बोलली. "ती म्हणते, जी येत नाही तिच्याशी काय बोलायचं." मॅडम, मी भांडी घासत होते, ती घासतच राहिले. एक पातेलं किती वेळ घासलं देव जाणे. आजींनी हाक मारून विचारलं की ते भोक पडायचं राहिलंय का. मग त्यांना सगळं सांगितलं. व्याकरण पार गुंडाळून ठेवलं त्या दिवशी. त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही.

आता पोलिसांचं सांगते. त्या रविवारी संध्याकाळीच मला ठाण्यात नेलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि टंकलेखन करणारा एक तरुण पोलीस. म्हणाला, तुझ्या भाषेचा दुभाषा मिळत नाही, फोनवरून शोधतो, दोन-तीन दिवस लागतील. आणि मी, शहाणी, त्याला म्हणाले, "गरज नाही. मला येते तुमची भाषा." कसला हा माज, तुम्हीच सांगा. पण सात महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारत होतं, काय झालं? तुम्ही रोज वर्गात गोष्ट संपल्यावर विचारायचात तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मी ताठ बसले आणि सांगितलं. काय चालू होतं, काय घडलं, आधी काय, नंतर काय. आजी झोपल्या होत्या. मी बाहेर पडले. परत आले. त्या खाली पडलेल्या होत्या. चार वाक्यं. प्रत्येक क्रियापद जागच्या जागी. त्याने टंकून वाचून दाखवलं आणि म्हणाला, तुम्ही छान बोलता. मी खाली सही केली. खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही मला जरा बरं वाटलं.

वकीलबाई मिळाल्या त्या संस्थेकडून. तरुण आहेत, चालताना खातात, खाताना वाचतात. पण माझ्यासाठी जिवाचं रान करतायत. त्यांनी तो जबाब वाचला आणि पेन्सिलने एका शब्दाभोवती गोल केला. 'साली'. म्हणाल्या, सगळा खटला या एका शब्दावर उभा आहे. बाहेर पडलीस, म्हणजे टाकून गेलीस. पण तू म्हणायला गेली असशील 'सालीआ'. बाहेर पडत होतीस, दाराशी होतीस, आवाज आला, लगेच मागे फिरलीस. मग टाकून जाणं झालंच नाही. शेवटचं एक अक्षर खाल्लंस, एवढंच. परक्या माणसाची ही चूक न्यायाधीश रोज ऐकतात. समोरच्या दारातल्या बाईने आजींच्या दोन हाका ऐकल्यात, पण दोन हाका म्हणजे फार तर काही सेकंद, ते आपल्याच बाजूने जातं. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "असंच झालं ना?" मी काही बोलले नाही. त्यांनी ते 'हो' धरलं. मग विचारलं, तुला भाषा कोणी शिकवली? त्या बाई लिहून देतील का की या विद्यार्थिनीचा हे दोन भूतकाळ वापरताना कायम गोंधळ व्हायचा? मी तुमचा पत्ता दिला. त्यांचं पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असेल किंवा एक-दोन दिवसांत पोचेल. सुनावणी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे.

आता खरं सांगते. वर मी लिहिलंय की दाराच्या कडीला हात होता. महिनाभर तेच घोकतेय, आणि बघायचं होतं की तुम्हाला लिहिताना तरी हात अडखळतो का. नाही अडखळला. त्याचीच भीती वाटली. मॅडम, मी बाहेर पडले होते. त्या रविवारी ताईने निरोप दिला होता की चारला फोन कर, आज तिला बोलायला लावते. आजींना माहीत होतं. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "जाऊन ये, मी कुठे पळून जातेय?" आणि डोळे मिटून घेतले. मी दार ओढून घेतलं, जिना उतरले, कोपऱ्यावर गेले. ताई म्हणत राहिली, थांब, येतेय, चप्पल घालतेय, येतेय. मी कानाला फोन लावून एकोणीस मिनिटं उभी राहिले. शेवटी ताई म्हणाली, ती 'नंतर' म्हणते. वर आले तेव्हा आजी जमिनीवर होत्या. एका पायात सपात होती, दुसरी हातात. शेजारणीने दोन हाका ऐकल्या. त्याआधी किती मारल्या असतील, ते ऐकायला घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून सोडल्यावर दवाखान्यात मुलाची नजर चुकवून मी आत गेले, तर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "बोलली का?" मी म्हटलं, "बोलली." क्रियापद अचूक होतं, मॅडम, आणि गोष्ट खोटी होती. त्यांनी माझा हात दाबला. पुन्हा मला आत सोडलं नाही.

म्हणून हे पत्र. माझा कधी गोंधळ झाला नाही. तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे, तुम्हीच मला त्या उत्तरासाठी शाबासकी दिली होतीत. तरी मला तो दाखला हवाय. मी तुमच्या पाया पडते, लिहा. लिहा की मी ढ होते, की मला काल आणि आज कळत नव्हता, काहीही लिहा. चार वर्षांनी माझी लेक तेरा वर्षांची होईल आणि तिच्या लेखी मी जी येत नाही तीच राहीन. आजींना एकटं टाकल्याची शिक्षा मी भोगायला नको म्हणत नाही, ती चालूच आहे, रोज चार वाजले की मला त्या हाका ऐकू येतात. पण तुरुंग नको. वकीलबाईंना खरं सांगितलं तर त्या हा दाखला तुमच्याकडे मागूच शकणार नाहीत, म्हणून त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला मात्र फसवून खोटं लिहून घेणं मला जमेना. लिहाल ते जाणून लिहा. उत्तर मला नको, थेट त्यांना पाठवा. आणि नाही लिहिलंत तर कारण कळवण्याचा त्रास घेऊ नका. मी रागावणार नाही, मला ते कळेल, आणि नऊ तारखेला न्यायाधीशांनी काय झालं विचारलं तर तोंडातून कुठलं क्रियापद निघेल, हे आज मलाही सांगता येत नाही.

तुमचीच,
खिडकीशेजारची